मोठ्याने वाचून दाखवलेली पुस्तके

वाघूर (जळगाव)

गेल्या चैत्रात आई ओट्यावरून घसरून पडली, तिच्या खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रियेनंतर जवळजवळ अडीच महिने तिला पलंगावरच काढावे लागले. जन्मभर कपाशीच्या रानात वावरलेल्या बाईला नुसते छताकडे पाहत पडून राहणे किती जड जाते, हे मी त्या दिवसांत पाहिले. टीव्हीचा तिला पाचव्याच दिवशी वीट आला. आई शाळेत गेलेली नाही, त्यामुळे पुस्तक हातात देण्याचा प्रश्नच नव्हता. शेवटी कामावरून आल्यावर रोज तासभर आपणच तिला काही वाचून दाखवावे असे ठरवले आणि कपाटातून ‘बहिणाबाईंची गाणी’ काढले.

हे माझे सर्वांत आवडते पुस्तक आहे. महाविद्यालयात असल्यापासून मी ते वाचत आलो आहे, त्यातली बरीच गाणी मला पाठ आहेत आणि ती मला पूर्ण समजली आहेत असे मी धरून चाललो होतो. तिसऱ्या संध्याकाळी विहिरीतल्या दोन मोटांचे गाणे वाचत होतो. त्यात ‘नाडा-समदुर’ असा शब्द येतो. मी तो इतकी वर्षे ‘समुद्र’ असाच घेतला होता. विहिरीतल्या पाण्याला बहिणाबाईंनी समुद्र म्हटले असावे, असा अर्थ लावून मी एकदा निबंधातही लिहिले होते. आईने मला हाताने थांबवले. ती म्हणाली, “समदुर म्हंजे दर्या नही रे भाऊ. मोटीच्या सोंडीले बांधेल दोर.”

मग तिने पडल्या पडल्या मला मोट समजावून सांगितली. चामड्याच्या मोटेच्या तोंडाशी जाड दोर बांधलेला असतो, तो नाडा, आणि तो वरच्या चाकावरून जातो. मोटेच्या सोंडेला दुसरा, बारीक दोर असतो, तो समदुर, आणि तो खालच्या कण्यावरून जातो. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासून उतरत जाणाऱ्या वाटेवरून, उतरू लागले की दोन्ही दोर एकाच वेळी ओढले जातात, मोट वर येते, सोंड पुढे सुटते आणि पाणी थारोळ्यात, म्हणजे विहिरीच्या काठावरच्या दगडी कुंडात, पडते. तिचे वडील रोज संध्याकाळी बैल सोडल्यावर दोन्ही दोरांवरून तळहात फिरवत पुढे पुढे जात आणि कुठे झीज झाली आहे ते बोटांनी पाहत, कारण भरली मोट विहिरीत तुटून पडली तर दिवस फुकट जाई. हे सांगताना तिने पांघरुणाच्या काठावरून तळहात तसाच फिरवून दाखवला. गाण्यात पुढच्याच शब्दांत ‘झीज’ येते. ती ओळ मी शंभरदा म्हटली असेन, पण त्या क्षणापर्यंत तिच्यातला दोर माझ्या हाताला लागला नव्हता.

त्या संध्याकाळी मला जे वाटले त्याला आनंद म्हणावे की हुरहुर, हे मला अजून ठरवता आलेले नाही. आईने आयुष्यात पहिल्यांदा मला पुस्तकातली गोष्ट शिकवली होती आणि तिच्या आवाजात त्याचा कुठलाही गर्व नव्हता. तेव्हापासून एक विचार मनात घोळतो आहे. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते; दळताना, शेतात काम करताना त्यांनी म्हटलेली गाणी घरातल्यांनी टिपून ठेवली, त्यांच्या निधनानंतर त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली ती छापून आली. म्हणजे हे पुस्तक आधी आवाज होते आणि नंतर कागद झाले. असे पुस्तक आपण डोळ्यांनीच वाचतो, तेव्हा त्यातले काही आपल्यापर्यंत पोहोचतच नसावे.

आपणही कुणाला पुस्तक वाचून दाखवले असेल, किंवा लहानपणी ऐकले असेल, तर कृपया सविस्तर लिहावे. आवडत्या पुस्तकांच्या याद्या पुष्कळ ठिकाणी मिळतात. ते पुस्तक कोणाच्या आवाजात, कोणत्या घरात ऐकले आणि तेव्हा मनात काय हलले, हे वाचायला मला आवडेल.

निवृत्त बाई (अमळनेर)

वाघूर, आईंना माझा नमस्कार सांगावा. खुब्याचे दुखणे मी माझ्या सासूबाईंचे पाहिले आहे, त्यामुळे त्या अडीच महिन्यांची कल्पना करू शकते.

मी बत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आणि त्यांपैकी बहुतेक वर्षे शनिवारी सकाळच्या शेवटच्या तासाला ‘श्यामची आई’ वाचून दाखवले. अमळनेरात राहणाऱ्या माणसाला हे पुस्तक घरचे वाटते, जरी त्यातले घर, नारळ-पोफळी आणि समुद्र सगळे कोकणातले असले तरी. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, छात्रालयात मुलांबरोबर राहत होते आणि मुलांसाठी हाताने ‘छात्रालय दैनिक’ लिहून काढत होते. पुस्तक लिहिले गेले ते नंतर, नाशिकच्या तुरुंगात, 9 फेब्रुवारी 1933 ते 13 फेब्रुवारी 1933 या पाचच दिवसांत. मला नेहमी वाटत आले आहे की, इतक्या वेगाने ते उतरले याचे कारण ते त्यांनी आधीच कितीतरी वेळा मुलांना सांगितलेले असणार. त्याची मांडणीही तशीच आहे. प्रकरणांना ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी नावे आहेत, श्याम बोलतो आहे आणि भोवती मित्र बसून ऐकत आहेत.

या पुस्तकाला रडके म्हणणारे लोक मला भेटतात. त्यांनी ते एकट्याने, परीक्षेसाठी वाचलेले असते असा माझा अनुभव आहे. पायांना माती लागू नये म्हणून श्याम आईला दगडावर पदर पसरायला लावतो आणि पायांना जपतोस तसा मनालाही जप असे आई त्याला सांगते, तो प्रसंग वर्गात वाचला की मुले रडत नसत. मुले आपापले पाय पाहत. आमच्या वर्गातली निम्मी मुले अनवाणी येत असत. शेतातून, काळ्या मातीतून. एका वर्षी पहिल्या बाकावरच्या एका मुलीने मला विचारले की, “बाई, आईचा पदर मग धुतला कोणी?” या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नाही. तिची आई दुसऱ्यांच्या घरी धुणे करत असे हे मला ठाऊक होते. मी पुस्तक मिटले आणि त्या दिवशी आम्ही पुढे वाचले नाही; मुलांनी आपापल्या आया सकाळपासून काय काय करतात ते सांगितले. नोकरीतल्या सगळ्या तासांपैकी तो तास मला सर्वांत जवळचा आहे.

पांझराकाठ (धुळे)

आमच्या घरी वडील दर रविवारी सकाळी अंघोळ झाल्यावर ‘गीता प्रवचने’मधला एक अध्याय मोठ्याने वाचत. रविवारच का, हे मला बरेच उशिरा कळले. 1932 साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते आणि 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी त्यांनी गीतेच्या एकेका अध्यायावर कैद्यांसमोर प्रवचन दिले. अठरा रविवार, अठरा अध्याय. तीही साने गुरुजींनीच ऐकता ऐकता लिहून घेतली. म्हणजे वाघूर यांनी म्हटले तसे हेही आधी आवाज आणि मग कागद असेच पुस्तक आहे, आणि तो आवाज आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर उमटला होता.

वडील व्यवसायाने गवंडी होते. वाचताना ते अडखळत, जोडाक्षराशी थांबत, ते दोनदा म्हणत आणि मग पुढे जात. लहानपणी मला त्या अडखळण्याचा राग येई. आता ते नाहीत. मी ते पुस्तक उघडतो तेव्हा ज्या ज्या शब्दांशी ते थांबत तिथे तिथे मीही थांबतो, आणि त्या थांबण्यातच मला पुस्तकाचा अर्थ लागतो. विनोबांची वाक्ये लहान आहेत, दाखले शेतातले, घरातले आहेत, त्यामुळे गवंड्याचे काम करणाऱ्या माणसाला ती आपली वाटली यात नवल नाही.

एक विनंती आहे. बहिणाबाईंची गाणी ही आपल्या अहिराणीतली आहेत, हेही कोणीतरी ठळकपणे लिहायला हवे. माझ्या आजीला ती अर्थ न विचारता समजत असत.

वाघूर (जळगाव)

पांझराकाठ, आपल्या वडिलांविषयीचा मजकूर मी आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली की वाचणाऱ्याने असेच दमाने वाचावे.

अहिराणीविषयी मात्र आदराने वेगळे मत मांडतो. बहिणाबाई आसोद्याच्या, जळगावजवळच्या. त्यांची बोली ही तापीच्या या पट्ट्यातली लेवा गणबोली आहे. अहिराणीत ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात, ‘माझा’ला ‘मना’ म्हणतात, आणि ही रूपे बहिणाबाईंच्या गाण्यांत आपल्याला सापडणार नाहीत. दोन्ही बोली शेजारणी आहेत, त्यांचे शब्द एकमेकींच्या अंगणात सहज ये-जा करतात, म्हणून आपल्या आजींना ती गाणी सहज कळली असणार. पण खानदेशची सगळी बोली म्हणजे अहिराणी असे आपणच म्हणू लागलो, तर उद्या माझ्या आईच्या बोलीला नावही उरणार नाही.

पांझराकाठ (धुळे)

आपले म्हणणे पटले. ‘शे’ची खूण मी यापुढे लक्षात ठेवीन. माझी खंत वेगळी होती, ती आता नीट मांडतो. आजी अहिराणीखेरीज दुसरे काही बोलली नाही आणि तिच्या उशाशी बसून वाचून दाखवावे असे अहिराणीतले एकही छापील पुस्तक तेव्हा आमच्या घरात नव्हते. आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी तिला रात्रभर पुरतील इतकी येत होती. श्रावणात कानबाई बसली की शेजारपाजारच्या बायका तिलाच आधी गाणे उचलायला सांगत. ती गाणी लिहून ठेवण्याचे मला सुचले नाही. तिच्या शेवटच्या आजारात मी तिला मराठी पुस्तके वाचून दाखवली, आणि ती ऐकत होती ती बहुधा माझ्यासाठी. बहिणाबाईंचे गाणे लागले तेव्हा मात्र तिची मान हलली होती. म्हणून मी ते आपले म्हटले.

भुसावळकर

मी सोळा वर्षे भुसावळ-जळगाव अपडाऊन केले. या वाटेवर भादली नावाचे छोटे स्टेशन आहे. धरणगावात 1890 साली जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, 5 मे 1918 रोजी याच ठिकाणी रेल्वेखाली सापडून गेले. अजून अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. 1907 साली जळगावला भरलेल्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ हे नाव मिळाले तेव्हा ते सोळा-सतरा वर्षांचे होते. म्हणजे नाव मिळाले ते स्टेशन आणि जीव गेला ते स्टेशन यांच्यामध्ये पॅसेंजरने काही मिनिटांचेच अंतर आहे.

मी कोणाला पुस्तक वाचून दाखवलेले नाही, ऐकले मात्र आहे. मे महिन्यातली दुपार होती, डब्यात बसवत नव्हते, खिडकीची सळई हाताला चटका देत होती. समोर एक बाई आणि तिची दहा-अकरा वर्षांची मुलगी बसली होती. मुलीला कुठल्याशा स्पर्धेत कविता म्हणायची असावी. आई तिच्याकडून ‘औदुंबर’ पुन्हा पुन्हा म्हणवून घेत होती. आठच ओळींची कविता. बाहेर नजर जाईल तिथवर नांगरून पडलेले तापलेले रान, एकही हिरवे पान नाही, आणि डब्यात ती मुलगी हिरवाळी, निळासावळा झरा, शेतमळे, काळा डोह असे एकामागून एक शब्द स्वच्छ आवाजात म्हणत होती. गाडी भादलीला थांबली तेव्हा ती शेवटच्या ओळीवर होती. त्या दोघींना हे ठिकाण कोणते ते ठाऊक नसावे. सांगावे असे फार वाटले, पण मुलीचा आवाज थांबवण्याचे धैर्य झाले नाही.

शाळेत आम्हाला ही कविता निसर्गवर्णन म्हणून शिकवली होती. मला ती तेव्हापासून उन्हाळ्यातल्या माणसाची कविता वाटते. ज्या मुलखात आठ महिने डोळ्यांना हिरवे दिसत नाही, तिथला मुलगाच एवढी हिरवी ओळ लिहू शकतो. हे माझे मत आहे. ते अभ्यासकांना मान्य होईलच असे नाही.

गिरणाकाठची सून (चाळीसगाव)

भुसावळकरांनी ठोंबऱ्यांची आठवण काढली म्हणून लिहिण्याचे बळ आले. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत, त्यांना बालकवी तिथे घरातल्या मुलासारखे भेटतात. लक्ष्मीबाईंचे पती रेव्हरंड टिळक यांनी बालकवींना आपल्या घरी ठेवून घेतले होते. पाठ्यपुस्तकातला फोटो एवढीच ओळख असलेला कवी त्या पानांवर जेवतो-खातो, हसतो, रुसतो.

हे पुस्तक मी सासूबाईंना वाचून दाखवले. लग्न होऊन आले तेव्हा आमच्यात बोलणे फारसे नव्हते. मी शहरातून आलेली, त्या कडक सोवळ्यातल्या. दुपारी जेवणे उरकली की घर सुन्न व्हायचे. एके दिवशी मी माजघरात स्वतःपुरते वाचत असताना मला हसू फुटले. त्यांनी विचारले, मी तो परिच्छेद मोठ्याने वाचला, लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाविषयीचा. सासूबाई हसल्या नाहीत. मला वाटले, आता बोलणे ऐकावे लागणार. त्या म्हणाल्या, “माझे सासरे असेच होते. पुढे वाच.” त्या दिवसापासून जवळजवळ दोन महिने रोज दुपारी वाचन चालले. नवरा धर्म बदलतो, बाई एकटी पडते, रडते, भांडते आणि मग हळूहळू स्वतःच्या डोक्याने विचार करून जातपात मनातून काढून टाकते, हे सगळे ऐकताना त्या वाती वळत असत. लक्ष्मीबाई ख्रिस्ती होतात तिथे मी मुद्दाम सावकाश वाचले. सासूबाईंचे हात थांबले होते. “तिचं तिनं ठरवलं ना, मग झालं,” एवढेच त्या बोलल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी कामाला येणाऱ्या बाईला स्वयंपाकघरात बसवून चहा दिला. याचा आणि पुस्तकाचा संबंध त्यांनी कधी बोलून दाखवला नाही, मीही विचारला नाही.

माझी प्रत कशी आली तेही सांगावेसे वाटते, कारण त्याचे दुःख अजून जात नाही. ती मला रद्दीच्या दुकानात मिळाली. आतल्या पानावर एका वाचनालयाचा शिक्का खरवडून काढलेला होता. जागा नाही म्हणून त्यांनी जुनी पुस्तके वजनावर काढली होती. त्याच ढिगात मला आणखी चार पुस्तके मिळाली, पण खालची ओली झालेली होती आणि उचलता उचलता त्यांची पाने हातात येत होती.

सातपुडा (यावल)

सर्वांना नमस्कार. मी वयाने येथे सर्वांत लहान असेन. माझे आवडते पुस्तक ‘कोसला’ आहे, आणि ते मोठ्याने वाचण्याजोगे आहे की नाही याविषयी मला शंका आहे, म्हणून लिहितो.

भालचंद्र नेमाडे आमच्याच तालुक्यातल्या सांगवीचे. ‘कोसला’ 1963 साली आली तेव्हा ते पंचविशीत होते. माझ्या आजोबांच्या वयाच्या या कादंबरीतला पांडुरंग सांगवीकर केळीच्या, कपाशीच्या मुलखातून पुण्याला शिकायला जातो, आणि साठ वर्षांनी मी गेलो तेव्हाही बसमधून उतरल्यावर पोटात जो गोळा येतो तो तोच होता. वसतिगृहात आमच्या खोलीत चौघे होतो, चौघेही जळगाव-धुळ्याकडचे. रात्री एकजण वाचायचा, बाकीचे अंथरुणावर पडून ऐकायचे. पांडुरंगाचे ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ आमच्या बोलण्यात इतके शिरले की वर्गात लोक वळून पाहत. वसतिगृहाचे प्रसंग ऐकताना आम्ही इतके हसायचो की शेजारच्या खोलीतले दार वाजवायचे.

मग पांडुरंगाच्या धाकट्या बहिणीचा, मनीचा मृत्यू आला. त्या रात्री वाचायची पाळी माझी होती. दोन पाने वाचली आणि आवाज लागेना. मी पुस्तक शेजाऱ्याकडे दिले, त्याने अर्धे पान वाचले आणि पुढच्याकडे दिले. शेवटी दिवा तसाच ठेवून आम्ही चौघांनी खांद्यांवरून डोकावत ते भाग मनातल्या मनात वाचले, सर्वांचे वाचून झाले की पान उलटायचे. माझी धाकटी बहीण तेव्हा नववीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला फोन केला आणि काहीच सुचेना म्हणून जेवलीस का एवढेच विचारले.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, काही पाने आवाजाला झेपत नाहीत. वाघूर काका, आपल्या विचाराला हा अपवाद आहे असे मला वाटते.

निवृत्त बाई (अमळनेर)

सातपुडा, बाळा, चौघे एकाच पानावर डोकी टेकवून थांबलात आणि सर्वांचे झाल्यावर पान उलटलेत, त्याला मी एकट्याचे वाचन म्हणणार नाही. आवाज बंद झाला तरी ऐकणे चालूच होते.

वाघूर (जळगाव)

सातपुडा, आपला अपवाद मी मान्य करतो. ‘कोसला’ मी एकट्यानेच वाचली आणि मनीची पाने कोणासमोर वाचण्याचे धाडस मलाही होणार नाही. तरीही पांडुरंग पहिल्या पानापासून कोणाशीतरी बोलतोच आहे, हे आपण नाकारणार नाही. त्या ‘उदाहरणार्थ’मध्ये कान आहे.

गिरणाकाठच्या ताईंनी लिहिलेले वाचल्यावर मी घरातली सगळी पुस्तके एकदा उतरवून, झटकून, उन्हात ठेवून पुन्हा लावली. त्यात उद्धव शेळक्यांची ‘धग’ सापडली. 1960 सालची कादंबरी, वऱ्हाडातल्या कौतिकची, आणि तिच्यातले बोलणे वऱ्हाडी वळणाचे. आईला आता काठी घेऊन ओट्यापर्यंत जाता येते, म्हणून वाचनही ओट्यावर सुरू केले आहे. ‘मले’, ‘तुले’ कानावर पडले तशी ती सावरून बसली. पुस्तकातली माणसे असे बोलतात यावर तिचा पहिल्या दिवशी विश्वासच बसेना, बहिणाबाईंची ती गाणी होती, ही मात्र साधी बोलणारी माणसे होती. दुसऱ्या दिवसापासून ती मला चहा पिऊ देईपर्यंतही थांबत नाही. कौतिकच्या नवऱ्याचा तिला राग आहे. त्याच्या आजाराचे वाचले तेव्हा तो राग कुठे ठेवावा हे तिला कळेना, आणि मलाही.

परवा शेजारच्या मावशी लसणाची टोपली घेऊन सोलायला म्हणून येऊन बसल्या आणि मधूनच ऐकू लागल्या. आईने लगेच मला थांबवले. मावशींना मागचे काही माहीत नाही, असे म्हणाली. आम्ही निम्म्याच्या पुढे आलो होतो. काल संध्याकाळी पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली आहे.